ती मुलगी पढवलेली नव्हती

मेश्राम बाई गेल्याचं मला फोनवरच्या ग्रुपवर कळलं. आमच्या डी.एड. कॉलेजच्या जुन्या प्राध्यापकांचा हा ग्रुप; बाईही तिथेच शिकवत. तासाभरात जोडलेल्या हातांची रांग लागली. पुढच्या आठवड्यात संस्थेने शोकसभा घेतली. मागे फ्लेक्स, ‘लोकशाही शिक्षणाच्या अग्रदूत’, आणि त्यावर बाईंच्या फोटोपेक्षा मोठा संस्थाध्यक्षांचा फोटो. बाईंनी लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष झाला, असं अध्यक्ष गहिवरून म्हणाले. ते रोपटं उपटलं कुणी, हे त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. एक माइकवर होते. दुसरा मी, तेव्हाचा प्राचार्य, पहिल्या रांगेत मान डोलावत होतो.

शिक्षक होऊ पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचे सराव पाठ कसबा पेठेतल्या एका शाळेत होत. आम्ही वर्ग मागायचा, शाळेने नको असलेला तास आमच्या माथी मारायचा, आणि प्राध्यापकाने मागच्या बाकावर बसून लाल शाईत शेरा लिहायचा, अशी रीत. बाईंनी शाळेतल्या शिक्षकांना पाठाच्या तयारीत सामील करून घेतलं, आणि पाठ संपला की पहिला शेरा मुलांनी द्यायचा, असं ठरवलं. सगळे गोल करून बसत. “कळलं, पण ताई, तुम्ही पुढच्या बाकांनाच विचारता,” असं पाचवीतलं पोर म्हणे आणि आमची विद्यार्थिनी कानापर्यंत लाल होई. “उत्तर नका देऊ, ऐका,” बाई म्हणत. “वर्ग त्यांचा आहे. आपण पाहुणे.”

मग शहरात आयटी आलं, आणि संस्थेला मांजरीकडे इंग्रजी शाळेची स्वप्नं पडू लागली. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पाहुण्यांना घेऊन अध्यक्ष बाईंचा वर्ग दाखवायला आले. पाठ चालू असताना त्यांचा मोबाइल वाजला. नवा होता, ते तिथेच बोलत राहिले. शेवटी गोलात बसून लाडाने म्हणाले, “मग बाळांनो, कसा झाला पाठ?” सातवीतली एक मुलगी उठली. “पाठ चांगला होता. पण सर, तुम्ही फोनवर मोठ्यांदा बोलत होता, तेवढं गणित आम्हाला ऐकू आलं नाही.” पाहुणे हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

मुलीने माफी मागावी, हा अध्यक्षांचा निरोप मी बाईंना दिला. त्या शांतपणे म्हणाल्या, “गणित चुकलं असतं तर दुरुस्त करून घेतलं असतं, सर. यात काय दुरुस्त करू?”

संस्थेच्या बैठकीत मला खुलासा विचारला गेला. माझ्या मुदतवाढीचा विषयही त्याच बैठकीत होता. मी म्हणालो, “मुलीला बाईंनी पढवलं होतं.” शिक्षकाच्या पेशात याहून घाण शिवी नाही... आणि नागपूरकडून आलेल्या, बौद्ध घरातल्या बाईंना ती लगेच चिकटेल, हे मला कळत होतं. चिकटलीच. “ही माणसं मुलांच्या डोक्यात काय भरतील सांगता येत नाही,” कुणीतरी म्हणालं. मी चहा पीत राहिलो. कॉलेजचा त्या शाळेशी असलेला संबंध संपला, बाईंना प्रवेशाच्या कामाला लावलं आणि त्या तिथूनच निवृत्त झाल्या. आज मांजरीच्या शाळेत ‘मुलांचा आवाज’ नावाचा तास असतो. मुलं ओळीने उभी राहून एका सुरात शिक्षकांचे आभार मानतात. याला पढवणं म्हणतात.

शोकसभेनंतर मी येरवड्याला बाईंच्या घरी गेलो. धाकटी बहीण कुसुमताई, दोघी एकत्र राहत. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं. “या. जिवंतपणी पत्ता सापडला नसेल.” मग उभ्यानेच बोलत राहिल्या. लोक बाईंना परस्पर ‘पढवणाऱ्या बाई’ म्हणत, ते बाईंच्या कानावर येई, त्या घरी येऊन काही बोलत नसत, एवढंच की रेडिओ लावायच्या बंद झाल्या... मी खाली बघत होतो. एकदम कुसुमताई थांबल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, “हं. आता तुम्ही बोला.”

मी चमकून वर पाहिलं.

“तिची सवय,” त्या म्हणाल्या. “कितीही रागावली तरी मग समोरच्याला पाळी द्यायची. मलाही लागलीय.”

मी म्हणालो, “ती मुलगी पढवलेली नव्हती.”

“ते मला कशाला सांगता? मला माहीतच आहे,” कुसुमताई म्हणाल्या. “चार लोकांत म्हणालात ना? चार लोकांतच सांगा.”