उंबऱ्यापर्यंतचा उतार

काका कुठेही बसण्याआधी समोरच्या टेबलाला बोटाने हलकासा धक्का द्यायचे. कॅन्टीनमध्ये, मीटिंगमध्ये, एकदा तर सहकाऱ्याच्या लग्नात जेवायला बसताना. टेबल डुगडुगलं की कागदाची घडी करून पायाखाली सरकवायचे आणि मगच बसायचे. प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतो, तुमच्याकडेही असेल. आमच्याकडचा व्हिडिओ गेमचे नकाशे बनवायचा.

लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. बाकी सगळे पंचविशीतले आणि हे सत्तेचाळीस वर्षांचे, म्हणून काका. खेळाडू ज्या गल्ल्यांतून, खोल्यांतून फिरतो, त्या आम्ही नकाशाच्या एडिटरमध्ये रचतो. खोलीत खुर्ची ठेवली की बाजूला तिची सेटिंग्ज उघडतात. ती स्थिर की हलती, वजन किती, जमिनीवर किती घासेल, पडली तर किती उसळेल. स्थिर ठेवली तर ट्रक आणून आदळला तरी ती ढिम्म हलत नाही. मी नवीन असताना सगळंच स्थिर ठेवायची, कटकट नको म्हणून.

"मेलेली खोली आहे ही," काका म्हणाले. "आधी ढकलून बघ, मग मला दाखव."

मी रागाने तीसच्या तीस खुर्च्या हलत्या केल्या. त्या एकमेकींत थोड्या घुसल्या होत्या, ते काही माझ्या लक्षात आलं नाही. गेम सुरू केला आणि सगळ्या खुर्च्या खिडक्यांतून बाहेर उडाल्या. अख्खं ऑफिस हसलं, काका सोडून.

"दोन वस्तू एका जागेत कोंबल्या की त्या एकमेकींना फेकून देतात. चाळीत राहिलेली दिसत नाहीस तू."

ते राहिले होते, लालबागला, जन्मापासून. गेल्या वर्षी चाळ पाडली. नवी इमारत होईपर्यंत काका आणि त्यांचे वडील परळला सातव्या मजल्यावर भाड्याच्या घरात आले. काकांनी लग्न केलं नव्हतं. वडील गिरणीतले जुने कामगार. ते आधीच विसरायला लागले होते, नव्या घरात पार हरवले. संध्याकाळ झाली की हातात पिशवी घेऊन दाराशी उभे राहायचे. "माका घराक सोड," असं मुलालाच सांगायचे.

म्हणून काकांनी चाळीतली ती खोली एडिटरमध्ये बांधायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात माउस. भांड्यांची मांडणी, लोखंडी कॉट, खुंटीवरची छत्री. महिन्याभराने लॅपटॉप वडिलांसमोर ठेवला. त्यांनी माउसने खुर्ची ढकलली, मग कळशी, मग छत्री. काहीच हलेना.

"सगळा खिळवून ठेवलंस काय रे?" म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना काका ओशाळले होते. आम्हाला येताजाता बोलणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातली एकूण एक वस्तू स्थिर करून ठेवली होती! मी चिडवणारच होते, पण तेच म्हणाले, "परत काही पडायला नको होतं गं."

मग वस्तू एकेक करून सुटायला लागल्या. वजन अंदाजाने टाकणं काकांना पटेना. घरची भांडी पिशवीतून यायची आणि रिसेप्शनवरच्या कुरियरच्या काट्यावर चढायची. "कळशी कुठे पाठवायचीय?" असं तिथल्या मुलीने अगदी गंभीरपणे विचारलं होतं. शेवटी वडिलांची तंबाखूची डबी आली, गोल, चपटी, झाकणाला पोचे आलेली.

ही खोली वडिलांनी बराच वेळ बघितली. फळीवरची डबी ढकलून खाली पाडली. ती उसळली, कडेवर जरा गडगडली आणि थांबली.

"डबी थांबली कशी?" वडील म्हणाले. "ही आमची खोली नाय."

काका दोन दिवस या वाक्याभोवती घुटमळत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चाळीतल्या खोलीची जमीन दाराकडे उतरती होती. हातातून काहीही गोल सुटलं की थेट उंबऱ्याशी जायचं, शोधावं लागायचं नाही. एडिटर जमीन देतो ती सपाट, आणि काकांनी ती तशीच ठेवली होती.

"एवढी वर्षं त्या उतारावर चाललो आणि विसरलो बघ. मग बाबांना कशाला नावं ठेवायची?"

शुक्रवारी निघताना त्यांनी फाइल मला पाठवली. "जमीन कलती केलीय. सोमवारी ढकलून बघ. मगच बाबांना दाखवीन."

रविवारी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. परळमध्ये हॉस्पिटलांना काय तोटा, पण पोचेपर्यंत संपलं होतं. सोमवारी मी त्यांच्या टेबलाला बोटाने धक्का दिला. ते हललं नाही. पायाखाली त्यांची कागदाची घडी होती. मला तिथेच रडू कोसळलं.

तेराव्यानंतर मी लॅपटॉप घेऊन परळच्या घरी गेले. बाबांना सांभाळायला काकांची बहीण येऊन राहिली होती. बाबांना दोनदा सांगून झालं होतं आणि दोन्ही वेळा ते विसरले होते. तिसऱ्यांदा सांगायची तिची हिंमत नव्हती. मी खोली उघडून त्यांच्यासमोर ठेवली. आधी स्वतः ढकलून बघायचं होतं, पण तेवढं बळ मला आलं नव्हतं.

बाबांनी डबी पाडली. ती उसळली, कडेवर उभी राहिली, कॉटच्या पायाजवळून गडगडत गेली आणि उंबऱ्याला टेकून थांबली.

"हां," ते म्हणाले. त्यांचा हात माझ्या हातावर आला. "हीच."

हे बघायला काका हवे होते, एवढं एकच माझ्या मनात होतं.

बाबा मात्र पडद्यावरच्या दाराकडे बघत होते. "दार कित्याक लावलंस? उघडा ठेव. तो आता शाळेतसून येतलो."

मी दार ढकललं. ते हलतं होतं, उघडलं. बाहेर चाळीची गॅलरी नव्हती, ती करायची राहून गेली होती. नुसता एडिटरचा राखाडी रंग. बाबा खुर्ची पुढे ओढून त्याच्याकडे बघत बसले, आणि मला काही लॅपटॉप बंद करता येईना.