दादाची ओ

मोहफुलं वेचताना आमच्याकडे गप्प बसायची सोय नव्हती. मुलचेऱ्याच्या पुढे आमचं गाव, आणि आमची तीन झाडं पार जंगलात. फुलं पहाटे पडतात आणि ती खायला अस्वलही येतं. म्हणून वेचता वेचता एकमेकांना हाका मारायच्या, आणि हाक आली की ओ द्यायचीच. ओ आली नाही तर सगळे टोपल्या टाकून त्या दिशेला धावायचे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या दादाची ओ सगळ्यांत खणखणीत. ती ऐकायला मी उगाच हाका मारायचे. मग तो ओरडायचा, "आता हाक मारशीन तं टोपली डोक्यावर पालथी करीन!" अजूनही मार्च लागला की मला तो फुलांचा वास आठवतो, ती धमकी आठवते, आणि चंद्रपुरातल्या घरात जीव रमत नाही.

विशीत आल्यावर दादा कोणी न मारलेल्या हाकांनाही ओ देऊ लागला. आधी आम्ही हसलो, मीच जास्त. पुढे तो वेचणं सोडून बोलावणाऱ्याला शोधत झाडीत शिरायचा. पुजाऱ्यांचे अंगारे-उतारे करून झाले, मग दवाखान्याच्या गोळ्या सुरू झाल्या. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया, एवढं कळलं. गोळ्यांनी त्याचे हात थरथरायचे, आवाज मात्र गेले नाहीत.

मी तेव्हा कॉलेजात, म्हणजे दीडशहाणी. रोज त्याला समोर बसवून घोकवायचे, "दादा, कोनी बोलावत नाई. सारं तुह्या डोक्यातलं आहे. ओ देऊ नोको." तो बिचारा मान डोलवायचा.

त्याच मोसमात एका सकाळी तो दिसेना. मी हाका मारल्या, मग सगळ्यांनी मारल्या, घसे बसेपर्यंत. ओ आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो नाल्याकाठी सापडला, पाय सोलवटलेले. आम्ही त्याच्या जवळूनच दोनदा गेलो होतो.

"तुहा आवाज आयकला ना मी," तो म्हणाला. "पन तूच म्हटलं होतं, ओ देऊ नोको."

त्यानंतर दादाने कुणालाच ओ दिली नाही. आई जेवायला बोलवायची तेव्हाही तो भिंतीकडे बघत बसायचा. हे माझ्यामुळे झालं, हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

दादा आता चंद्रपुरात माझ्याकडेच असतो. गेल्या वर्षी त्याला एका नव्या डॉक्टर मुलीकडे नेलं आणि तिला मात्र सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू स्वतःलाच आधी वर्दी देतो, की हे आपलंच आहे. काही जणांत ती वर्दी नीट पोचत नसावी, असं आता संशोधनात दिसतंय. मग स्वतःचंच बोलणं बाहेरून आल्यासारखं ऐकू येतं. सगळ्यांचं असंच असतं असंही नाही, बाई. या एका नावाखाली बहुतेक वेगवेगळे आजार आहेत. म्हणून एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला पडत नाही."

"म्हणजे त्याले खरंच आयकू येत होतं?"

"खरंच येत होतं."

मी तिच्यावरच चिडले. हे तेव्हा काऊन नाई सांगितलं कोनी? ती शांतपणे म्हणाली, "तेव्हा कुणाला माहीत नव्हतं." तिचा काय दोष? तेव्हा ती जन्मलीही नसेल.

औषध बदललं. त्यासाठी सारखं रक्त तपासावं लागतं, दादा कुरकुरतो, पण आवाज कमी झालेत. मी आता त्याला लांबून हाक मारत नाही. जवळ जाते, खांद्यावर हात ठेवते, मग बोलते.

या मार्चमध्ये त्याला गावी नेलं. तीनपैकी दोन झाडं उरली आहेत. मी वाकून फुलं वेचत होते, तो पलीकडच्या झाडाखाली.

"नकटे!"

लहानपणी तो मला हेच म्हणायचा. इतक्या वर्षांत त्याने मला हाक मारली नव्हती. मी तशीच वाकलेली राहिले.

"काऊन वं नकटे, ओ काऊन नाई देत? टोपली डोक्यावर पालथी करीन!"

मी ओ दिली. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा दिली.