हुरड्याचा आठवडा
हुरडा भाजल्याचा वास आला की मला आमचं भोकरदनकडचं शेत आठवतं. त्या हिवाळ्यात थोरली बहीण चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. त्याचे हातपाय काडीसारखे, पोट फुगलेलं, जुलाब थांबत नव्हते आणि औषधांनीही गुण येत नव्हता. आई मायेनं त्याला दुधात पोळी कुस्करून भरवायची, कारण आमच्याकडे ज्वारीची भाकरी रोजची आणि पोळी लाडाची. पण आठवडाभर सगळ्यांचं जेवण शेतातच झालं, हुरडा आणि भाकरी. पोराचं पोट उतरलं, ते ढेकळांतून पळू लागलं. मग जावई आले, पुरणपोळ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा टम्म. गव्हातला एक घटक काहींना सोसत नाही, असं कॉलेजात सरांनी शिकवलेलं मला लख्खकन आठवलं. मी धावत चुलीपाशी गेले. "आई, त्याला पोळीच बाधून राह्यली." "येडी झाली का? गव्हानं कधी कोणाला काही झालंय?" बहीण मात्र उठून उभी राहिली. "थांब आई. शेतात होतो तवा एकदाही त्याचं पोट दुखलं न्हाई. उद्याच जालन्याला जाऊ." डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि अंदाज खरा निघाला. गहू बंद झाला, पोरगं अंगानं भरू लागलं. पुढे मी पदवीधर झाले, घरातली पहिलीच. आई आजही शेजारणींना सांगते, "नोकरी लागो न्हाई तर न लागो, हिला शिकवल्याचं तवाच फिटलं."