भाडेकरणीच्या वाट्याचं अर्धं तळं

माझ्या वरच्या खोलीत राहून गेलेल्या भाडेकरणीइतका झाडांवर जीव टाकणारा आणि झाडांशीच इतका कडाडून भांडणारा माणूस सबंध पालघर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मागच्या खेपेला तुम्ही नातवंडं जिन्यात ज्या बादल्यांना अडखळलात, त्या तिच्याच. त्यांत जलपर्णी असे, पाण्यावर तरंगणारी, फुगीर देठांची आणि जांभळ्या फुलांची. तुमच्यातल्या धाकट्याने कौतुकाने ते फूल मागितलं, तेव्हा तिने त्याला पायरीवर बसवून त्या वनस्पतीचे सगळे गुन्हे ऐकवले. परदेशातून शोभेसाठी आणली, शोभा देता देता तिने तळीच्या तळी गिळली, खाली ऊन पोचू देत नाही, मासे गुदमरतात. त्या दिवसापासून पोरगं त्या बादल्यांना वळसा घालून जाई.

ती पर्यावरणातली संशोधक. न बोलावता आलेल्या वनस्पती पाण्याचं काय करतात, हा तिचा विषय आणि हेच तिचं घरदार. आमच्या फाटकापासून रिक्षा स्टँड हाकेच्या अंतरावर आहे, पण वाटेतलं गाजरगवत मुळासकट उपटल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नसे. इतर बायका पर्समध्ये रुमाल ठेवतात, ही रबरी हातमोजे ठेवी. सफाळ्याला माझ्या भाचीच्या लग्नात ती पंगतीच्या वेळी दिसेना. शोधायला गेले तर मांडवामागे रेशमी साडी खोचून, हातमोजे चढवून तिचं काम चाललेलं. केटररच्या माणसाला ती सफाईवाली वाटली. "दीदी, उधर भी कर दो," तो म्हणाला, आणि तिने उधरचंही केलं. जेवायला बसली ती शेवटच्या पंगतीला, पण चेहऱ्यावर समाधान नवऱ्या मुलीपेक्षा जास्त.

आपल्या कुंपणावर तेव्हा टणटणी होती, लाल-पिवळ्या फुलांची, तीही परदेशातून आलेलीच, पण मला फार आवडायची. आठवडाभर भाडेकरीण तिच्याकडे बघत ये-जा करत होती. मग एका सकाळी गंभीरपणे म्हणाली, "काकू, ही इथे राहणार असेल तर मला दुसरीकडे खोली बघावी लागेल." चांगली भाडेकरीण मिळणं टणटणीपेक्षा अवघड, म्हणून मी टणटणी काढली. पण मलाही राहवलं नाही. मी म्हटलं, बाई गं, आमचे हे इथल्या वीज प्रकल्पात लागले म्हणून मी साताऱ्याकडून इथे आले, अर्धं बोईसर बाहेरून आलेलं आहे, मग आम्हालाही उपटणार का? थट्टा थट्टा म्हणून घ्यायची तिला सवयच नव्हती. दोन दिवस विचार करून तिने चहाच्या वेळी उत्तर दिलं, "बाहेरून येण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, काकू. तुम्ही कुणाचं पाणी अडवलं नाहीत." ही स्तुती होती की नुसतं निरीक्षण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिचं खरं काम होतं बेटेगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या तळ्यात. जलपर्णीने ते असं झाकलं होतं की नवखा माणूस मैदान समजून चालत गेला असता. तळं माणसांची काय काय सेवा करतं हे तिला मोजायचं होतं. तळ्याने सेवा करायची म्हणजे काय, असं मी विचारलं, तर तिने बोटांवर मोजून दाखवलं. गुरांचं पाणी, धुणं, मासळी, आसपासच्या विहिरींना मिळणारा पाझर, आणि शेवटी गौरीचं विसर्जन. त्याला शास्त्रात सांस्कृतिक सेवा म्हणतात म्हणे. जलपर्णी काढल्याने यातलं किती परत येतं ते पाहायचं, तर अर्धं तळं साफ करून उरलेलं अर्धं तसंच ठेवायला हवं, म्हणजे तुलना होते. कोणतं अर्धं ठेवायचं हेही आपल्या मर्जीने ठरवायचं नाही. म्हणून भर उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायकांसमोर तिने दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि त्यांतल्या वडीलधाऱ्या लखमीबायला एक उचलायला लावली. साफ करायला निघालं पलीकडचं अर्धं. पायऱ्यांचं आणि धुण्याच्या दगडाचं अर्धं तसंच राहिलं. बायका हिरमुसल्या, पण कौल म्हणजे कौल. त्यांनी पलीकडचं अर्धं तिच्याबरोबर कंबरभर पाण्यात उतरून साफ केलं, आणि हिने मधोमध बांबू रोवून मासेमारीची जाड दोरी आणि जाळं बांधलं.

पुढे पावसाळा लागल्यापासून ती दर आठवड्याला त्या झाकलेल्या अर्ध्यात उतरे. एक लाकडी चौकट पाण्यावर ठेवायची, तिच्यात येईल तेवढी जलपर्णी उचलायची, निथळवून वजन करायचं आणि होती तशी पाण्यात सोडायची. थंडीपर्यंत हे नीट पार पडलं की काम पुरं. ते बिघडलं तर सगळं दुसऱ्या तळ्यावर पहिल्यापासून सुरू करावं लागणार, आणि दुसरं तसं तळं तिला मिळत नव्हतं. मला हे पाठ झालं होतं, कारण पोहे खाताना दुसरा विषय नसे.

गणपतीच्या आधी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती गावी गेली. परतली ती गौरी विसर्जनाच्या दिवशी. लखमीबायने मलाही बोलावलं होतं, म्हणून आम्ही दोघी रिक्षाने गेलो. वळण संपलं आणि समोर तळं दिसलं. सगळंच्या सगळं. स्वच्छ, पायऱ्यांपर्यंत आभाळ उतरलेलं. काठावर जलपर्णीचे ढीग, बांबू एका बाजूला रचलेले, दोरीचं व्यवस्थित वेटोळं. बायका नटून उभ्या होत्या आणि हिच्या तोंडाकडे बघत होत्या, लेकीला डोहाळजेवणाला आणल्यावर बघतात तशा.

ती रिक्षातून उतरून दोरीच्या वेटोळ्याशी जाऊन उभी राहिली. शेवटी मीच विचारलं, हे कसं काय केलंत. लखमीबायने सरळ सांगितलं. चिठ्ठ्या टाकून कामाचे वाटे झाले होते, अर्धं बायकांचं, अर्धं हिचं. बायकांनी आपलं उरकलं. ही मात्र एकटी यायची, जरासं काढायची आणि जोर संपला की परत टाकायची. लावणीत ज्याचं शेत मागे पडतं त्याच्या शेतात सगळा पाडा उतरतो, तसेच ते उतरले. "तुज्या वाट्याचं राहिलं व्हतं, बाय," ती म्हणाली. "सनाला कुनाचं काम अर्दं ठेवत नाय आमी."

मग मी जमेल तशी ती तुलना समजावली. बायकांचे चेहरे उतरले. लखमीबाय ढिगाकडे गेली, एक रोप उचलून तिने मुळं चाचपली. "जित्ती हाय अजून. परत टाकू का?" आणि खरोखरच दोघीजणींनी पदर खोचून ढिगाला हात घातला. त्या क्षणी मी भाडेकरणीकडे पाहिलं. मोह झाला होता तिला, मी शपथेवर सांगते. एक होकार दिला असता तर थोडंफार तरी वाचलं असतं. ती पाण्याकडे पाहत राहिली. मग पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "नको, लखमीबाय. मी जलपर्णी पाण्यात टाकायला लावली असं कळलं तर मला कोणी दारात उभं करणार नाही."

संध्याकाळी बायकांनी तेरड्याची एक गौर तिच्याच हातात दिली. साडी खोचून ती पायऱ्या उतरली, नेहमीप्रमाणे हातमोजे घालायला पर्स शोधली, आणि मग तशीच, उघड्या हातांनी पाण्यात उतरली. परतताना रिक्षातून तिने आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. झाकलेलं अर्धं गेलं म्हणाली. कुणी नेलं, असं पलीकडून विचारलं असावं. "सांस्कृतिक सेवेत गेलं, सर," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी ती खोली सोडून गेली. आता दूर कुठल्याशा राज्यात नदीकाठी असते. अधूनमधून फोन करते, माझ्या गुडघ्यांच्या आधी टणटणीची चौकशी करते.

यंदा गौरीला मी त्या पाड्यावर पुन्हा गेले. तळं दोन्ही अंगांनी लख्ख होतं, पण मधोमध बांबू रोवून तीच दोरी ताणलेली. मी लखमीबायला म्हटलं, सगळं साफ आहे तर आता दोरी कशाला.

"बायचा वाटा हाय तो," ती म्हणाली. "साफ आमीच करतो. पन कदी आली, तर तिला दिसाया नको?"

वरची खोली मी त्यानंतर कुणाला दिलेली नाही. दर रविवारी झाडून घेते, आणि खाली तुमच्या पलंगांवरच्या न मळलेल्या चादरीही बदलते.