लाल दोऱ्याचा पेनड्राईव्ह

ड्रॉवरमध्ये लाल दोरा बांधलेला पेनड्राईव्ह सापडला आणि कापूरहोळच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली ती दुपार आठवली. एकाच पेनड्राईव्हवरून तीन ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करायच्या नादात मी माझा सोडून, दुकानात आलेल्या पासली गावच्या एका मावशींचा पेनड्राईव्ह पुसून बसलो होतो. त्यात त्यांच्या वारलेल्या सासूबाईंच्या आवाजातली भातलावणीची गाणी होती. मी हात जोडले. मावशी म्हणाल्या, "मला समदी पाठ हायती. म्या म्हन्ते, तू भर." त्यांची एसटी निघून गेली, तरी त्या गात राहिल्या. ती गाणी मी माझ्या पेनड्राईव्हवर भरून दिली. त्यांचा हा लाल दोऱ्याचा माझ्याकडंच राहिला. आज लावून पाहिला, तर स्क्रीनवर तिन्ही सिस्टिमची नावं आली. त्यांच्या सासूबाईंचा आवाज मात्र मी पुसला, तो एकदाही न ऐकता.