खालच्या थरातला कार्बन

केतकरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “मॅडम, फक्त तुमची सही बाकी आहे. एवढा सुंदर रिझल्ट अख्ख्या प्रोजेक्टमध्ये दुसरा नाही.”

आकडे माझ्याच माती तपासणी लॅबचे होते, आणि मला ते अजिबात आवडले नाहीत.

केतकर परळच्या एका कंपनीत कार्बन प्रोजेक्टचे हेड. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये कर्जतकडच्या भोईरांच्या गटाने न नांगरता भात घ्यायला सुरुवात केली होती. कापणीनंतर धसकटं तशीच ठेवायची आणि यंत्राने बारीक चीर पाडून बी पेरायचं. नांगरलं की माती उघडी पडते, हवा आत शिरते, जंतू कुजका पालापाचोळा भराभर फस्त करतात आणि त्यातला कार्बन वायू होऊन उडून जातो. नांगर थांबला की तो हळूहळू मातीत साठतो. पेरणीयंत्र कंपनीने दिलेलं. अट एकच. दरवर्षी माती तपासायची. कार्बन घटला तर गटाने चोरून नांगरट केली असं धरून यंत्र परत घ्यायचं.

“वरच्या थरात वाढ दिसली तर समजू शकते,” मी म्हटलं. “धसकटं वरच कुजतात. पण फूटभर खालीही तेवढीच? दोन हंगामांत?”

“मुळं खोल गेली असतील.”

“भाताची? मी सही करत नाही.”

केतकरांचा चेहरा उतरला. मला त्याचं काही वाटलं नाही.

लॅब लालबागला, पहिल्या मजल्यावर. खाली मसाला कांडायचे डंक दिवसभर धडधडत असतात. तपासणीआधी माती वाळवून, कुटून, चाळून घ्यावी लागते. भोईरांच्या कुटलेल्या मातीचं पाकीट उघडलं आणि मी सटासट शिंकले. माती शिंका आणत नाही. नाकाजवळ नेली तर भाजलेले धणे, लवंग, मिरची.

“सावंत, ही माती कुठे कुटली?”

सावंत आमचे लॅब सुपरवायझर, जन्म लालबागचाच. “मॅडम, तुलनेसाठी आणलेली शेजारच्या नांगरलेल्या शेताची माती कुटून झाली आणि आपला ग्राइंडर बंद पडला. तुम्हाला अर्जंट हवं होतं ना? मग भोईरांची खाली डंकवाल्याकडून कांडून आणली. आमच्या घरचा मसाला त्याच्याकडेच असतो. पुसून घेतला होता त्याने.”

“सावंत, आपण मातीतला कार्बन मोजतो. मिरची म्हणजे दुसरं काय आहे?”

त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेऊन स्वतः हुंगलं.

मला हसू आलं आणि रागही आला. सुदैवाने प्रत्येक नमुन्याचा निम्मा भाग आम्ही न कुटता राखून ठेवतो. तो सावंतांनी स्वतः खलबत्त्यात कुटला, मी चाळला. नवे आकडे आले. वरच्या थरात नांगरलेल्या शेतापेक्षा जराशी वाढ, खाली काहीच फरक नाही. मी खूश झाले. माती अशीच वागते.

केतकर खूश नव्हते. “बोर्डाला पहिला आकडा सांगून झालाय हो.”

“चूक माझ्या लॅबची आहे, बोर्डाला मी सांगते. पण पहिला आकडा ठेवलात तर पुढच्या वर्षी तो धाडकन खाली येणार. भोईरांनी नांगराला हात न लावताही तुम्ही त्यांचं यंत्र उचलून आणाल.”

केतकरांनी लॅपटॉपवरचा जुना रिपोर्ट बंद केला. “नवा रिपोर्ट पाठवा,” ते म्हणाले.

पुढच्या वर्षी वरच्या थरातला आकडा किंचित वर सरकला. भोईरांचा फोन आला. “मॅडम, जमीन भुसभुशीत लागतेय आता, गांडुळंपण दिसतात. यंत्र राहील ना आमच्याकडे?”

“राहील.”

पहिल्या रिपोर्टवर सही झाली असती तर ते गेलं असतं, हे त्यांना आजही ठाऊक नाही. लॅब चुकली की शिक्षा शेतकऱ्याला होते, आणि कशाची ते त्याला कळतही नाही. म्हणून आकडा फारच मनासारखा आला, की मी सही उद्यावर ढकलते.