भाट्याच्या वाळूतली भरतीरेषा

शेवटचा खांब वाळूत ठोकून झाला आणि नायब तहसीलदार हात झटकत म्हणाले, "झाली भरतीरेषा निश्चित!" मी हातातली छत्री काखेत घट्ट दाबली. ती उगारण्याचा मोह होऊ नये, एवढाच हेतू.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. वकिलीतून निवृत्त झाल्यावर मी आणि काही पेन्शनर मंडळी रोज सकाळी भाट्याचा किनारा चालत असू. वाळू कुठे खचली, कोणी काय उचलून नेले, हे पाहायचे आणि कचेरीला कळवायचे. हे काम आम्हांला कोणी सांगितलेले नव्हते. कळवण्याची जबाबदारी माझी. माझ्या पत्रांची भाषा कडक असते, असा मंडळींचा आक्षेप होता. तो मी फेटाळला होता.

चिऱ्यांच्या खाणी चालवणाऱ्या एका ठेकेदाराला वाळू उचलण्याचे परमिट मिळाले होते. अट अशी की, भरतीचे पाणी जिथे पोहोचत नाही तिथलीच वाळू उचलावी. म्हणजे भरतीरेषा जितकी समुद्राकडे सरकेल, तितकी त्याची चंगळ. साहेब आले ते श्रावण शुद्ध अष्टमीला. अष्टमीला भांग असते. भांगेची भरती सुस्त. पाणी थोडे चढते आणि मागे फिरते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, तेव्हा तेच पाणी सुरूच्या झाडांच्या मुळांना भिडते. साहेबांनी पहाटेच्या भांगेची ओली रेघ पाहिली आणि तिच्यावर खांब ठोकवले. खांबांपासून सुरूंपर्यंतची सगळी वाळू ठेकेदाराची झाली. उधाणाचा जोर जिरतो तो याच वाळूवर. ती गेली की पाणी सुरूंमागच्या काशिनाथच्या घरात शिरणार, हे उघड होते. काशिनाथ मासेमारी करणारा. घर नुकतेच बांधलेले.

"साहेब, आज भांग आहे. पौर्णिमेला मोजणी करा," मी म्हणालो.

"ऑर्डरमध्ये भरती लिहिलीय, तिथी नाही लिहिलेली. आणि पौर्णिमेला सुट्टी असते. तुमची संस्था रजिस्टर्ड आहे का?"

त्याच दुपारी मी रजिस्टर्ड पोस्टाने हरकत पाठवली. उत्तर नाही. नारळी पौर्णिमा झाली की ट्रक येणार होते.

काशिनाथच्या मच्छीमार वाडीला खूश करावे म्हणून ठेकेदाराने पौर्णिमेला मानाचा नारळ सोडायला साहेबांनाच पाहुणे बोलावले. जाजम, खुर्च्या, टेबलावर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, असा थाट. तिथल्या वाडीचा रिवाज असा की नारळ भरत्या पाण्यात सोडायचा, ओसरत्या नाही. पौर्णिमेला पाणी दुपारी भरते, त्यामुळे मुहूर्तही भर दुपारचा. ठेकेदार आतल्या गावचा, डोंगराकडचा. त्याने काशिनाथला विचारले, "खुर्च्या कुठं मांडू रे?"

"मांडा की खांबाच्या आत," काशिनाथ म्हणाला. "सरकारनंच ठरवलानी हाय, थय पानी येत नाय."

बायकांनी पदर तोंडाला लावले. पुन्हा बजावण्याचे मला कारण नव्हते. माझी हरकत आधीच लेखी नोंदवलेली होती.

ठेकेदाराचे भाषण रंगात आले आणि पहिली लाट जाजमाखाली शिरली. जाजम पापडासारखे फुगले. दुसऱ्या लाटेत साहेबांच्या चपला गेल्या. तिसरीने टेबलच आडवे केले आणि मानाचा नारळ कोणी हात लावण्याआधी पाण्यात.

"अगो बाय, दर्याच वर आला मान घ्यायला!" काशिनाथची बायको ओरडली.

साहेब खुर्चीवर चढून उभे राहिले. मी धोतराचा सोगा आवरून, हरकतीची प्रत डोक्यावर धरून त्यांच्यापाशी पोहोचलो.

"साहेब, आपण या क्षणी भरतीरेषेच्या वर आहात की खाली?"

"मी खुर्चीवर आहे."

"खुर्ची कुठे आहे?"

"वकीलसाहेब, आज सुट्टी आहे हो!"

"सुट्टीत पाहिलेले ग्राह्य धरू नये, असे कलम असल्यास सांगा. मी इथेच उभा राहून ऐकतो."

ठेकेदार मध्ये पडला. "साहेब, आज लाटच जरा मोठी आहे..."

"तुमची खुर्ची कुठाय?" साहेबांनी विचारले.

"ती बगा, मुंबयला चालली," काशिनाथने बोट दाखवले.

साहेब हसू लागले ते थांबेनात. "मी सोलापूरकडचा. आमच्याकडं पाणी टँकरनं येतं. समुद्राचं तिथी बघून चढतं, हे मला कोण सांगणार?"

"मी सांगितले होते. रजिस्टर्ड पोस्टाने."

पंचनामा तिथेच झाला. पंच म्हणजे घटना प्रत्यक्ष पाहणारे त्रयस्थ साक्षीदार. एरवी ते हातापाया पडून आणावे लागतात; त्या दिवशी अख्खी वाडी सहीसाठी रांगेत उभी होती. काशिनाथला मात्र मी बाजूला काढले.

"तू हितसंबंधी आहेस. तुझी सही चालणार नाही."

"मंग बायलेची?"

"तिचीही नाही."

"काय वो वकीलसायेब, घर माजा, दर्या माजा, नि सही शेजाऱ्याची?"

"होय. कायदा असाच आहे."

आठवड्याभरात खांब सुरूच्या बुंध्यांशी गेले. त्यांच्या वर उचलण्याजोगी वाळूच उरली नाही. ठेकेदार चिऱ्यांकडे परतला. काशिनाथच्या घरात पाणी शिरले नाही.

पुढे कचेरीचे उत्तर आले. आमची मंडळी नोंदणीकृत नसल्यामुळे माझ्या अर्जाची दखल घेता येत नव्हती. खांब मात्र कार्यालयाने "स्वतःच्या पाहणीवरून" हलवले होते. मंडळी म्हणाली, काम झाले, आता गप्प बसा.

यातून मी शिकलो ते असे: सरकार चूक दुरुस्त करते, पण ती तुम्ही दाखवली हे मान्य करत नाही. शहाण्याने दुरुस्ती पदरात पाडून घ्यावी आणि घरी जावे. मी अपील दाखल केले.